जळगावात राहून डबल बासवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जाचं वाद्य) सोलो वाजवायचंय, ऑर्केस्ट्राच्याच तारा चालतील का?

चालतात, पण एक स्वर वर ओढू नका. नेहमीचं ट्यूनिंग खालून ई-ए-डी-जी, सोलोचं एफ शार्प-बी-ई-ए. जाड तारा तेवढ्या ताणल्या की ताण साधारण 26 टक्के वाढतो, तार तुटते नाहीतर वाद्याच्या पोटावर जोर येतो, म्हणून सोलोचा वेगळा बारीक सेट घ्या, आवाज पण मोकळा लागतो. आणि हो, सोलो ट्यूनिंग लावलं की साथीच्या पियानोवाल्याला आधीच सांगा, त्याचा नोटेशनचा कागद एक स्वर वरचा लागतो, नाहीतर पहिल्याच ओळीत दोघं वेगवेगळ्या पट्टीत!

सुरुवातीला बोतेसिनी या बासवादक-संगीतकाराच्या अवघड रचनांच्या मागे धावू नका, संगीतकार डिटर्सडॉर्फचा कॉन्चेर्तो (सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्राची रचना) घ्या. खरी मेहनत अंगठ्याची आहे, वरच्या पट्ट्यात अंगठा तारेवर आडवा ठेवून वाजवावं लागतं, बाजूची कातडी आधी लाल होते मग घट्ट होते, रोज 15-20 मिनिटंच करा, दुखलं की थांबा.

आपल्याकडचा मे महिना मात्र सांभाळा भाऊ. बासचं रोझिन (बो म्हणजे गजाच्या केसांना लावायची राळ) मऊ असतं, माझं तर दुपारी डबीतून वितळून बो च्या केसांना चिकटलं होतं. वाद्य कूलरच्या झोतासमोर अजिबात ठेवू नका, दिवसा दमट रात्री कोरडं असं झालं की जोड सुटतात.