मैदानात बोला गं!

पुण्यातल्या मुलींच्या महाविद्यालयीन फुटबॉल संघाच्या एक प्रशिक्षक या पानावर खेळाडूंच्या आणि पालकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, मी एस. वाय. बी. कॉम.ला आहे आणि आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कर्णधार आहे. यंदा सोळा जणींमधल्या दहा जणी पहिल्या वर्षाच्या. शाळेत फुटबॉल खेळलेल्या आम्ही तिघीच. बाकीच्या खो-खो, कबड्डी, बास्केटबॉल नाहीतर धावण्यातून आलेल्या. ऑगस्टमधले दोन्ही सराव सामने ०-६ आणि ०-५ असे हरलो. मॅचमध्ये सगळ्या गप्प असतात, फक्त मीच ओरडत असते. दर मॅचला फॉर्मेशन बदलून पाहतोय. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलीय. हा संघ कधी तयार होणार?
– एक कर्णधार, सिंहगड रस्ता

उत्तर : अगं, अकरा गोल खाल्ल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ‘सगळ्या गप्प असतात’ हे वाचून मात्र मी थांबले. नवा संघ कुठवर आलाय हे मी नेहमी कानांनी तपासते. मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं आणि ऐकायचं. ऑगस्टमध्ये फक्त शिट्टी आणि एकटीचा आवाज येतो. डिसेंबरात सात-आठ आवाज यायला लागले, तर संघ तयार होतोय असं समजायचं, मग गुणफलक काहीही सांगो.

पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुली घरी, वर्गात, बसमध्ये ‘हळू बोल’ हेच ऐकत मोठ्या झालेल्या असतात. त्यांना एकदम ‘ओरडा’ म्हणून काही होत नाही. काय ओरडायचं, कधी ओरडायचं हे पासिंगसारखंच शिकवावं लागतं. सुरुवातीला चारच हाका दे. मैत्रिणीच्या पाठीवर समोरची खेळाडू आली तर ‘मागे!’ कोणी जवळ नसेल तर ‘वेळ आहे!’ उंच बॉलखाली जी जाणार तिने ‘माझा!’ आणि बचावफळीने पुढे सरकायचं असेल तेव्हा ‘वर!’ मग सरावात रोज दहा मिनिटं एकच नियम लाव : हाक न देता मिळालेला बॉल थेट समोरच्या संघाला. पहिल्या दिवशी खेळ सारखा थांबेल, मुली वैतागतील. वैतागू देत. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

आणि ‘सॉरी’ बंद कर. नवीन मुली चुकीचा पास गेला की थांबतात, हात वर करतात, सॉरी म्हणतात. तेवढ्यात बॉल घेऊन गेलेली दहा मीटर पुढे पोचलेली असते. माफी मागायची असेल तर तिच्यामागे धावून मागायची.

आता फॉर्मेशन. कृपा करून ते बदलणं थांबव. ४-४-२ घे, म्हणजे चौघी बचावात, चौघी मधल्या फळीत आणि दोघी पुढे, आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नको. ते सगळ्यांत भारी आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्यात प्रत्येकीच्या शेजारी कोण आणि पुढे कोण हे सरळ कळतं. नव्या मुलींचं मुख्य दुखणं असं की सगळ्या जणी बॉलकडे बघतात आणि बॉलकडेच धावतात. जागा दर मॅचला बदलली तर शेजारीणही बदलते, मग तिचा पाय उजवा की डावा, ती पास पायात मागते की पुढच्या मोकळ्या जागेत, हे कळायला सवड मिळत नाही. विशेषतः मागच्या चौघी आणि गोलकीपर यांची जोडणी अजिबात मोडू नको. चौघींनी एका रेषेत वरखाली व्हायचं असतं; एक जरी मागे रेंगाळली तर समोरची स्ट्रायकर ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे गोलजवळ उभी असल्याची चूक) होत नाही. तुमच्यातल्या ज्या मुली भावांबरोबर टर्फवर पाच-पाचचा खेळ खेळल्यात, त्यांचाही ऑफसाइडशी कधी संबंध आलेला नसतो, कारण तिथे तो नियमच नाही. मी चौघींच्या कमरेला सुताची दोरी बांधते, दोघींमध्ये आठेक मीटर अंतर ठेवते आणि बॉल मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरवते. दोरी ताणली नाही पाहिजे आणि जमिनीवर लोळलीही नाही पाहिजे. आधी चालत, मग हलकं पळत. पाटीवर बाण काढून जे तासभर समजत नाही ते दोरीने लवकर समजतं.

दुसऱ्या खेळातून आलेल्या मुलींना तू ‘बाकीच्या’ म्हणालीस. त्यांच्याकडे नीट बघ. खो-खोवाली मुलगी पळता पळता क्षणात दिशा बदलते, वाकून उठते, पुन्हा पळते. तिला फुलबॅकला, म्हणजे बचावफळीच्या कडेला ठेव, समोरच्या विंगरला (कडेने चढाई करणारीला) तिच्यापासून सुटणं अवघड जाईल. कबड्डीवालीला अंगाला अंग लागण्याची भीती नसते, ती मधल्या बचावात उभी राहते. आठशे मीटर धावणारी मधल्या फळीत. बास्केटबॉलवालीला उंच बॉल कुठे पडणार ते आधी कळतं आणि हातही तयार असतात, तिला गोलमध्ये घालून बघ. तांत्रिक कच्चेपणा त्यांच्यात असणारच. त्यासाठी रोज अर्धा तास दोघीदोघींनी पायाच्या आतल्या बाजूने पास, एका स्पर्शात थांबवणं, दुसऱ्यात देणं, दोन्ही पायांनी. कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

पुण्यातला हंगाम कसा जातो तेही लक्षात घे. प्रवेश रेंगाळतात, त्यामुळे काही मुली ऑगस्टमध्येच पहिल्यांदा दिसतात. नेमकं तेव्हाच ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू असतात आणि तुझ्या निम्म्या मुली संध्याकाळी नदीपात्रात. त्यांच्याशी भांडू नको. पथक हे त्यांचं प्रेम आहे आणि ते असावं. अनंत चतुर्दशीपर्यंत सराव सकाळी साडेसहाला घे. मात्र आदल्या रात्री कंबरेला ढोल बांधून दोन-तीन तास वाजवलेल्या मुलीला सकाळी धावण्याचे जोरकस व्यायाम देऊ नको, पाठ धरते. मग पाऊस. मुरमाच्या मैदानात डबकी साचली की जमिनीलगतचा पास मधेच थांबतो आणि मुलींना वाटतं आपल्याला पासच देता येत नाही. नोव्हेंबरात मैदान वाळलं की त्याच मुलींचे पास पोचायला लागतात. म्हणून पावसातल्या पासिंगवरून कुणाला नापास करू नको.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची असते. एक हरलात की यंदापुरती संपली. ती तुम्ही यंदा लवकर हराल असं मला वाटतं. हे आत्ताच मोकळेपणाने मुलींना सांग आणि त्या दिवशीच पुढचे सामने ठरवून ठेव, नाहीतर संघ तिथेच विस्कटतो. खरी वाढ त्यानंतरच्या महिन्यांत होते. जवळच्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या मुलांबरोबर खेळा. ती पोरं चपळ असतात, लाजत नाहीत आणि सारखी ओरडत असतात. मुली त्यांच्याकडून ओरडणं उचलतात. हिवाळ्यात खुल्या स्पर्धा असतात, त्यात उतरा. पहिल्या वर्षाच्या दहा जणी असणं ही तुझी अडचण नाही गं, ती तुझ्या कॉलेजची पुढची तीन वर्षं आहेत.

एक वही ठेव. गोल कोणी केले यापेक्षा खाल्लेले गोल कितव्या मिनिटाला झाले ते लिही. पहिल्या दहा मिनिटांत होत असतील तर ती भीती आहे. वॉर्मअपमध्येच एक छोटी, जोरात झुंजायची मॅच खेळवून मग मैदानात उतरा. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत होत असतील तर दम कमी पडतोय, आणि तो का कमी पडतोय ते खालच्या उत्तरात आहे. एका गोलमागोमाग दुसरा होत असेल तर पहिल्या गोलनंतर कोणी बोललेलं नसतं. बाकावर बसलेल्या मुलीला सलग किती पास झाले ते मोजायला लाव. दोनाचे चार झाले की सगळ्यांना वाचून दाखव.

हरल्यानंतरच्या आठवड्यात मी मुलींना एक सामना दाखवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये महिला आशियाई चषकाची उपांत्य फेरी आपल्या बालेवाडीत झाली होती. जपानविरुद्ध चीन दोनदा मागे पडलं. दुसरी बरोबरी त्यांची कर्णधार वांग शानशान हिने जादा वेळेत, ११९व्या मिनिटाला साधली आणि पेनल्टींवर चीन ४-३ ने जिंकलं. तीन दिवसांनी नवी मुंबईत कोरियाविरुद्धचा अंतिम सामनाही त्यांनी ०-२ वरून ३-२ असा फिरवला. गोल सगळेच बघतात. तू मुलींना गोल खाल्ल्यानंतरची दोन मिनिटं बघायला लाव.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजकडून फुटबॉल खेळते. घरी यायला आठ वाजतात. लवकर थकते. मागच्या महिन्यात गुडघा मुरगळला, आता घरातले म्हणतात बंद कर. परीक्षा आहेत, आणि यातून पुढे काय होणार असंही वाटतं.
– एक आई, हडपसर

उत्तर : ताई, आधी गुडघा. मुरगळल्यावर आतून ‘कट’ असा आवाज जाणवला असेल, काही तासांतच गुडघा टम्म फुगला असेल किंवा जिना उतरताना तो निसटल्यासारखा वाटत असेल, तर मालिश अजिबात करून घेऊ नका. थेट अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघ्यातल्या अस्थिबंधाची (लिगामेंटची) ही दुखापत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणूनच प्रशिक्षकांना विचारा की वॉर्मअप काय घेतात. मैदानाला दोन फेऱ्या मारणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. ‘फिफा इलेव्हन प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा ठरलेला व्यायामक्रम आहे : हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाने धावणं आणि वळणं. उडीवरून उतरताना गुडघे आत वळू न देणं हा त्यातला कळीचा भाग. तो नियमित केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. पैसे लागत नाहीत, मैदान लागतं आणि चिकाटी लागते.

लवकर थकते म्हणालात, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपण त्या मुलींना ‘स्टॅमिना नाही’ म्हणतो आणि आणखी पळवतो, याचं मला फार वाईट वाटतं. सरावाला जाताना डब्यात पोळीभाजी असतेच. त्याबरोबर सरावाआधी खायला केळं आणि नंतर शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या. हंगामात नवरात्र येतं. नऊ दिवस उपास धरणार असेल तर खजूर, राजगिरा, दूध पोटात जाऊ दे, आणि तसं तिने प्रशिक्षकांना आधी सांगावं म्हणजे त्या दिवसांत ते भार कमी ठेवतील. नुसत्या चहावर मॅच खेळू देऊ नका.

परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस सराव निम्मा करावा, हे प्रशिक्षकांना हक्काने सांगा. पूर्ण बंद केला तर मुली परतताना अंगात काही उरलेलं नसतं आणि तेव्हाच दुखापती होतात.

पुढे काय होणार? जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून भारताच्या मुली पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई चषकात पोचल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तुमची मुलगी तिथवर जाईल असं मी म्हणणार नाही. तिला मी पाहिलेलं नाही. पण आठ वाजता थकून घरी येणारी मुलगी उद्या सकाळी पुन्हा जायचं म्हणते आहे ना? मग गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत थांबवा आणि त्यानंतर जाऊ द्या.

प्रश्न : मी बास्केटबॉलमधून आले, आता गोलकीपर आहे. उंची पाच फूट तीन इंच. बॉल डोक्यावरून जातो. जागा सोडू का?
– टी. वाय., वाकड

उत्तर : सोडू नको. गोल २.४४ मीटर उंच आणि ७.३२ मीटर रुंद असतो. रेषेवर उभी राहिलीस तर तो सगळा तुला एकटीला झाकावा लागतो. बॉल घेऊन एकटीच कोणी येत असेल तर दोन-तीन पावलं पुढे ये, कोन आपोआप लहान होतो. तिने मान खाली घालून बॉल पुढे ढकलला की तेव्हाच पुढे सरक, तिने मान वर केली की थांब आणि पाय रोव. लांबून मारणारी असेल तर उलटी पावलं टाकत मागे जाऊ नको, कडेने वळून पळ. डोक्यावरून जाणारे निम्मे बॉल तिथेच वाचतील.

बास्केटबॉलमुळे बॉल दोन हातांनी छातीशी ओढायची सवय असेल, ती चांगली आहे. फक्त पावसात बोटं पसरून बॉलच्या मागे ने, वरून धरू नको. आणि २०२५-२६ पासूनचा नियम पाठ कर : बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवलास तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतात, तिकडे लक्ष ठेव.

सगळं मैदान समोरून फक्त तुलाच दिसतं, म्हणून बचावफळीला ‘वर!’ म्हणायचं काम तुझं. ग्लोव्हज खेळून आल्यावर साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळव, उन्हात टाकलेस तर पकड जाते.