तीनदा ॲप काढून टाकलं, तरी हात फोनकडे जातोच. हे व्यसन आहे का, आणि यातून सुटायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की रोजचे सहा तास फोनवर जातात, एकच ॲप तीनदा काढून तीनदा परत घेतलं, आणि आता स्वतःवरचा विश्वासच उडालाय. मी डॉक्टर नाही. पण दोन-अडीच वर्षं याच फेऱ्यात अडकलो होतो आणि बऱ्यापैकी बाहेर आलोय, म्हणून लिहितो.

सहा तासांचा आकडा आधी बाजूला ठेवा. त्यात कामाचे निरोप, नकाशा, घरच्यांशी व्हिडिओ कॉल असं सगळंच धरलेलं असतं. दोन तास वापरणारा माणूस पुरता अडकलेला असू शकतो आणि सहा तासवाला मोकळा. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘स्मार्टफोनचं व्यसन’ नावाचा आजार नाही. गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या व्याख्येतही तास मोजलेले नाहीत. ताबा सुटलाय का, बाकी आयुष्य मागे पडून तीच गोष्ट पुढे येत चाललीय का, आणि नुकसान दिसत असूनही ती चालूच आहे का, एवढंच तिथे पाहतात, तेही साधारण वर्षभर टिकलं असेल तर. यावरून स्वतःवर आजाराचा शिक्का मारू नका. पण स्वतःला विचारायला हे तीन प्रश्न फार उपयोगी आहेत.

माझ्याबाबतीत ताबा सुटल्याची खूण अगदी लहान होती. ॲप बंद करायचो आणि दुसऱ्याच क्षणी अंगठा तेच ॲप पुन्हा उघडायचा. किती वाजले ते बघायला फोन घ्यायचो, पंधरा मिनिटांनी खाली ठेवायचो, आणि किती वाजले ते तरीही माहीत नसायचं. खिशात फोन नसताना मांडीवर थरथर जाणवायची, पण ती पुष्कळांना जाणवते, तिची एवढी काळजी नको. मला खरा धक्का बसला तो लपवण्याने. बायको खोलीत आली की फोन पालथा घालायचो. “केव्हाचा बघतोयस?” असं तिने विचारलं की “आत्ताच घेतला” म्हणायचो. ते खोटं असायचं. तुमच्याकडे असं काही होत असेल तर तासांपेक्षा त्याकडे जास्त गांभीर्याने बघा.

इच्छाशक्तीबद्दल मला मनापासून सांगायचंय की दोष तिच्यावर ढकलू नका. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर ठरावीक वेळा चोच टोचल्यावर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा खाऊन थोडं थांबतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर ते न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ सोडत नाही. आपली फीड, म्हणजे ॲपमध्ये एकाखाली एक येत राहणाऱ्या पोस्ट, याच तत्त्वावर चालते. दहा पोस्ट फालतू, अकरावी छान, आणि ती अकरावी कुठे आहे हे आधी कळत नाही. त्यात थांबायची जागाही काढून टाकलेली असते. पूर्वी पान संपलं की ‘पुढचं पान’ दाबावं लागे, आणि तिथे क्षणभर तरी विचार व्हायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

मी पण ॲप काढून पाहिलं होतं. अंगठा त्याच्या रिकाम्या जागेवर जायचा. तिथे काही नाही म्हटल्यावर मी हवामानाचं ॲप उघडायचो, बँकेचं उघडायचो, जुने फोटो चाळायचो. ॲप गेलं होतं, पण ज्या क्षणी हात फोनकडे जायचा तो क्षण तसाच राहिला होता. या क्षणाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग एक छोटी वही केली. वापर कमी करायचा नाही, फक्त हात फोनकडे गेला की त्याच्या आधी काय चाललं होतं ते एका-दोन शब्दांत लिहायचं. सगळ्या वेळा लिहिणं जमत नाही, निम्म्या लिहिल्या तरी चालतात. आठवड्याने वही वाचली तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला एक सवय समजत होतो त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

कामात अवघड जागा आली, वाक्य सुचेना किंवा हिशेब जुळेना, की हात जायचा. ही पळवाट. यावर अंतर हाच उपाय लागू पडला: काम करताना फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून टेबलावर ठेवणं पुरेसं होत नाही, कारण हात मन वळायच्या आधी पोहोचतो. उठून जावं लागलं की मधे दहा पावलं येतात आणि तेवढ्यात आपण काय करतोय ते कळतं.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. कुणाला महत्त्वाचा निरोप पाठवला की उत्तर येईपर्यंत चैन पडायचं नाही. मी सगळ्या नोटिफिकेशन बंद केल्या आणि उलटच झालं, काही आलं असेल का म्हणून जास्त वेळा बघायला लागलो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही असंच दिसलं होतं: ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीनदा एकगठ्ठा मिळाल्या ते जास्त शांत होते, आणि ज्यांच्या पूर्ण बंद होत्या त्यांची हुरहुर वाढली. मी आता तीन ठरलेल्या वेळी बघतो. फोन कॉल मात्र चालू ठेवलेत, कारण खरंच तातडीचं असेल तर माणूस फोन करतो.

तिसरी रात्रीची, आणि ती सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळे झोपले की मी दीड-दीड वाजेपर्यंत रील बघायचो. वहीत त्या वेळांपुढे पुन्हा पुन्हा एकच शब्द होता: ‘माझा वेळ’. दिवसभर कुणाचं ना कुणाचं काहीतरी करत होतो, आणि त्या तासाला कुणी मला काही मागत नव्हतं. फोन बाहेर चार्जिंगला लावला, घड्याळाचा वेगळा गजर आणला, तरी आठवडाभरात फोन परत उशाशी आला. संध्याकाळचा अर्धा तास घरात सांगून स्वतःसाठी राखला, तेव्हा कुठे रात्रीचा फोन बाहेर राहायला लागला. मला तो तास हवा होता आणि तो हवा असण्यात काही चूक नव्हतं. फोन तो तास देत नव्हता, झोप मात्र घेत होता.

स्क्रीन राखाडी करणं थोडं उपयोगी पडतं, करून बघा. वेळेची मर्यादा लावणार असाल तर तिचा कोड दुसऱ्याकडून घालून घ्या, नाहीतर ‘आणखी १५ मिनिटं’चं बटण न वाचताच दाबलं जातं. आणि तलफ येते तेव्हा तिच्याशी झगडत बसू नका. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने तिला लाटेची उपमा दिली होती: चढते, माथ्यावर येते आणि आपोआप उतरते. काही मिनिटं तिच्याकडे नुसतं बघत राहणं सुरुवातीला फार जड जातं. दहाव्या-बाराव्या वेळेला तितकं जात नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. फोन बाजूला ठेवल्यावर जे उरतं ते कंटाळा असेल तर ठीक. पण सतत उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, किंवा फोनवर जुगार खेळून पैसे जात असतील, तर वहीवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. माझ्या वहीत ‘रिकामं’ हा शब्द इतक्यांदा आला की मी गेलो. तिथल्या पहिल्या दोन भेटींत फोनचा विषय जेमतेम निघाला.

तुमच्या तीन फसलेल्या प्रयत्नांबद्दल: लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधिकेने सवयी कशा जडतात याचा अभ्यास केला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून आता चौथ्यांदा ॲप काढू नका. असू दे फोनमध्ये. एक वही आणि पेन फोनच्या शेजारी ठेवा, आणि आज रात्री हात गेला की उचलायच्या आधी एक शब्द लिहा. मग खुशाल उचला.