खिशातला की गळ्यातला? : कॅमेऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजवर मोबाइलवरच फोटो काढले. आता स्वतंत्र कॅमेरा घ्यायचा आहे आणि दोन पर्यायांवर गाडी अडली आहे. एक, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा), सोबत १६-५० मिमी, एफ ३.५-५.६ ची किट लेन्स, म्हणजे बॉडीबरोबर मिळणारी. दुसरा, एक इंच सेन्सरचा कॉम्पॅक्ट, लेन्स एफ १.८-२.८. जो तो म्हणतो, दर्जा हवा तर मिररलेसच. खरेच एवढा फरक पडतो का?

आपण लिहिलेल्या या नेमक्या जोडीत जवळजवळ पडत नाही. पटणे कठीण आहे, म्हणून हिशेबच मांडू. त्यासाठी एवढे लक्षात ठेवा : ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त प्रकाश आत घेते.

एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी असतो, म्हणजे क्षेत्रफळ ३६७ चौरस मिमी. एक इंचाचा असतो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६. (‘एक इंच’ हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चिकटले आहे. या सेन्सरची कुठलीच बाजू इंचभर नसते, कर्णसुद्धा १६ मिमीच भरतो.) मिररलेसचा सेन्सर तिपटीहून थोडा मोठा झाला. आता लेन्स पाहा. झूम पूर्ण पुढे नेल्यावर किट लेन्स एफ ५.६ वर येते, कॉम्पॅक्ट एफ २.८ वर राहतो. हा दोन स्टॉपचा फरक, म्हणजे सेन्सरच्या दर चौरस मिमीवर चौपट प्रकाश. सेन्सरने तिप्पट कमावले आणि लेन्सने चौपट घालवले. वाइडच्या टोकालाही (झूम अजिबात न करता) तीच गत : एफ ३.५ विरुद्ध एफ १.८, पुन्हा जवळपास चौपट. दोन्ही कॅमेऱ्यांत चौकट साधारण तेवढीच बसते आणि सेन्सरवर एकूण प्रकाशही साधारण तेवढाच पडतो. त्यामुळे संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले, तर कुठला कशाचा हे सांगताना अडखळायला होईल.

हे सगळ्या एक इंची कॉम्पॅक्टना मात्र लागू नाही. (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) २४ ते २०० मिमीइतकी लांब मजल मारणाऱ्या सोनी आरएक्स१०० मार्क ७ ची लेन्स एफ २.८-४.५ आहे. वाइडला ती किट लेन्सपेक्षा जेमतेम दीडपट प्रकाश आत घेते, तेव्हा तिथे मिररलेस दुपटीने पुढे जातो. खोक्यावरची जाहिरात वाचण्यापेक्षा लेन्सच्या कडेवर छापलेले आकडे वाचा. मिलिमीटरच्या जोडीशेजारी ‘१.८-२.८’ अशासारखी दुसरी जोडी असते. पहिला आकडा वाइडचा, दुसरा झूमचा. किट लेन्सवर हेच आकडे सापडतील.

मग मिररलेसचे पैसे कधी वसूल होतात? दुसरी लेन्स लावली की. त्याच बॉडीवर ३५ मिमी एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) चढवली, तर एफ २.८ वरच्या कॉम्पॅक्टच्या तुलनेत सेन्सरवर साडेसातपट प्रकाश पडतो. कॉम्पॅक्टवर १/६० सेकंदाला जेवढे स्वच्छ चित्र मिळते, तेवढेच इथे १/४५० च्या आसपास मिळेल. रांगणाऱ्या मुलाचा, नाचाचा किंवा भरल्या सभागृहातला फोटो जमतो की हुकतो, ते एवढ्या फरकावर ठरते. पक्ष्यांसाठी टेली किंवा किड्यांसाठी मॅक्रो लेन्स लावता येणे हा वेगळाच लाभ. म्हणून आमचा सल्ला असा : पुढच्या वर्ष-दीड वर्षात दुसरी लेन्स घेणारच असाल तर मिररलेस घ्या. किट लेन्सवरच थांबणार असाल तर कॉम्पॅक्ट घ्या आणि मनाला खात राहू देऊ नका.

वाहून नेण्याचे काय? एफ १.८-२.८ लेन्सचे कॉम्पॅक्ट ३०० ग्रॅमच्या आसपास असतात. एपीएस-सी बॉडी आणि मिटणारी किट लेन्स मिळून ५०० ग्रॅमच्या घरात जातात. वजनापेक्षा जाडी नडते. कॉम्पॅक्ट चार सेंटीमीटरच्या आत-बाहेर असतो, मिररलेस लेन्स मिटलेली असतानाही त्याच्या दुप्पट भरतो. वजन खिसा सोसेल, जाडी नाही. बॅटरीत मात्र मिररलेस पुढे. एका चार्जमध्ये कॉम्पॅक्टवर साधारण २०० ते ३०० फोटो, मिररलेसवर ३५०-४०० धरून चाला. कॉम्पॅक्टसोबत दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्यावी.

प्रश्न : झूमच नसलेले कॉम्पॅक्ट लोक का घेतात? मोबाइललासुद्धा आता तीन लेन्स असतात.

कारण झूम सोडला की मोठा सेन्सर छोट्या शरीरात बसवता येतो. २०१९ चा रिको जीआर ३ बॅटरी-कार्डसह २५७ ग्रॅमचा आहे. आत २४ मेगापिक्सेलचा पूर्ण एपीएस-सी सेन्सर, पुढे एफ २.८ ची लेन्स आणि चौकट, पुन्हा फिल्मच्या हिशेबाने, २८ मिमीची. चित्राच्या कडा कापून ३५ किंवा ५० मिमीचा क्रॉप निवडता येतो, पण ५० ला हाती ७ मेगापिक्सेलच उरतात. २८ मिमी फार रुंद वाटत असेल तर त्याचाच ४० मिमीचा भाऊ आहे, जीआर ३एक्स. दोन्हींत व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, फ्लॅश नाही आणि पडदा वाकत नाही. भर उन्हात पडदा दिसत नाही म्हणून वैतागणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय याच पंगतीतला मानतात. ३५ मिमीची चौकट, एफ २, ४० मेगापिक्सेल. कॅमेरा उत्तम आहे, पण ५२१ ग्रॅमचा. त्याला कॉम्पॅक्ट म्हणायचे तर खिसा कोटाचा हवा.

प्रश्न : घरात मुलाचे फोटो नेहमी हललेले येतात. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे, ते चालूही आहे. नवा कॅमेरा घ्यावा का?

आधी सेटिंग बदला. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप रोखते. मुलाचे हलणे ते रोखू शकत नाही. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा घरात शटरचा वेग बहुधा १/६० सेकंद निवडतो. स्थिर बसलेल्या माणसाला ते चालते, पण मुलाचा हात तेवढ्यात सरकलेला असतो. नुसते हात हलले आहेत आणि मागचे कपाट खणखणीत आहे, असे फोटोत दिसत असेल तर रोग हाच.

मोड डायल ‘एस’ वर (काही कॅमेऱ्यांत ‘टीव्ही’) फिरवा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवाल. बसून खेळणाऱ्या मुलासाठी १/१२५, पळणाऱ्यासाठी १/२५० किंवा वर. आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) ऑटोच ठेवा, फक्त त्याची कमाल मर्यादा बांधा : एक इंच सेन्सरला ३२००, एपीएस-सीला ६४००. फोकस कंटिन्युअस आणि चेहरा-डोळे ओळखणे चालू. कॉम्पॅक्ट असेल तर झूम करू नका, दोन पावले पुढे जा. एफ १.८ फक्त वाइडच्या टोकाला मिळते, झूमची कळ किंचित ढकलली की अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाशाचे छिद्र) भराभर आकसते. मुलाला दिव्याखालून उठवून खिडकीशी बसवले तर यातले निम्मे करायची गरजच उरत नाही.

दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. दाणे नंतर कमी करता येतात.

प्रश्न : सायलेंट शटरवर काढलेल्या फोटोंत आडवे काळपट पट्टे येतात. सेन्सर बिघडला का?

सेन्सर ठणठणीत आहे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. बहुतेक कॅमेऱ्यांत तो सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो. एलईडी किंवा ट्यूब विजेच्या दुप्पट वेगाने लुकलुकते : ५० हर्ट्‌झला सेकंदात १०० वेळा. काही ओळी दिवा मंद असताना वाचल्या गेल्या की पट्टा उमटतो. मेकॅनिकल शटरवर या. आवाज चालणारच नसेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. वीज ६० हर्ट्‌झची असेल तर १/१२० जवळचे किंवा १/६०. एवढ्याने भागले नाही तर अँटी-फ्लिकरची सोय मेन्यूत आहे का पाहा.

इथे कॉम्पॅक्टची एक बाजू सांगून ठेवतो. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत लेन्समध्येच पाकळ्यांचे लीफ शटर असते. ते मुळातच अगदी हलके वाजते. शिवाय फ्लॅशसोबत १/१००० किंवा त्याहून जलद वेगही चालतो, जिथे मिररलेसचे पडदा शटर १/१६० ते १/२५० ला अडते.

प्रश्न : कॉम्पॅक्टने काढलेल्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी करडा ठिपका दिसतो. लेन्स पुसून पाहिली, जात नाही.

पुसून जाणारही नाही, कारण धूळ बहुधा सेन्सरवर आहे. खात्री करून घ्या. अ‍ॅपर्चर सर्वांत लहान करा (कॉम्पॅक्टला बहुधा एफ ११), आयएसओ किमान ठेवा, पांढऱ्या भिंतीवर रोखा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि शटर उघडे असताना कॅमेरा हळूच हलवा. भिंतीवरचे डाग फरफटून नाहीसे होतात, सेन्सरवरचा ठिपका जागचा हलत नाही. आता झूम बदलून दुसरा फोटो घ्या. ठिपका तिथेच आणि तसाच असेल तर सेन्सर. जागा किंवा आकार बदलला तर धूळ लेन्सच्या आतल्या भिंगावर आहे.

कॉम्पॅक्टमध्ये ही धूळ शिरते ती लेन्सच्या नळीच्या फटींतून. नळी दर वेळी पुढे सरकताना भात्यासारखी हवा आत ओढते आणि खिशातला कापसाचा चुरा त्या हवेबरोबर जातो. सेन्सरपर्यंत पोहोचायला कॅमेरा उघडावा लागतो, ते काम सर्व्हिस सेंटरचे. नळीवर व्हॅक्यूम क्लीनर लावण्याचा जुगाड बरेच जण सांगतात. कधीकधी ठिपका जातोही. पण आतला स्टॅबिलायझेशनचा भाग चुंबकांवर अधांतरी तरंगत असतो आणि अशा ओढीसाठी तो बनवलेला नाही. आम्ही तो उपाय सुचवणार नाही. तोवर एफ ४ ते ५.६ च्या पुढे जाऊ नका, ठिपका पसरून दिसेनासा होतो. तसेही एक इंच सेन्सरवर एफ ८ नंतर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) बारकावे मऊच पडतात.

मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर असतो. त्यामुळे धूळ लवकर बसते आणि लवकर निघते. क्लीनिंग मोड लावा, बॉडीचे तोंड खाली करा, रबरी ब्लोअरचे आठ-दहा झोत मारा. ब्लोअरचे टोक आत खुपसू नका. हवेचा डबा वापरू नका, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. तोंडाने तर कधीच फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो. एवढ्याने निघाले नाही तर सेन्सरच्याच रुंदीचा स्वॅब घ्या, त्यावर दोन थेंब क्लीनर टाका, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सरळ हात फिरवा, स्वॅब उलटा करून परत या आणि तो फेकून द्या.

कॉम्पॅक्टधारकांसाठी आणखी एक. पाऊच महिन्यातून एकदा उलटा करून ब्रशने झटका. आणि कॅमेरा खिशात असताना चुकून सुरू होणार नाही अशा रीतीने ठेवा. नळी कापडाला अडली की मोटार जोर लावते, गिअरचा दात सरकतो आणि पडद्यावर लेन्स एरर येऊन बसते.

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन लेन्स घरात आहेत. मिररलेसवर चालतील?

चालतील, आणि हे मिररलेसच्या बाजूचे मोठे कारण आहे. आरसा नसल्याने या बॉडींत माउंट (लेन्स बसते ती कडी) ते सेन्सर अंतर फार कमी असते : सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६ मिमी. जुन्या निकॉन एफचे ४६.५ मिमी होते. मधली जागा साध्या धातूच्या अडॅप्टरने भरून निघते, त्यात काच लागत नाही. ‘लेन्सशिवाय शटर चालू’ असा पर्याय मेन्यूतून सुरू करा, नाहीतर कॅमेरा क्लिकच होणार नाही. फोकस हाताने, पडद्यावर मोठे करून. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्सचे मिमी स्वतः भरा. ५० मिमीची लेन्स एपीएस-सीवर ७५ सारखी दिसेल, पोर्ट्रेटला झकास. लावण्याआधी आत बुरशीचे जाळे नाही ना, ते टॉर्च टाकून बघा.

प्रश्न : जुना कॉम्पॅक्ट विकत घेताना काय तपासावे?

दहा वेळा चालू-बंद करा. नळी दर वेळी एकाच लयीत यावी-जावी, करकर किंवा अडखळ नको. पूर्ण झूमवर नळी दोन बोटांनी अलगद धरा. किंचित खुळखुळणे चालते, लोंबणे नाही. पुढची झाकणाची पाती आपोआप पूर्ण मिटायला हवीत. वर सांगितलेली भिंतीची चाचणी तिथेच करा. पडदा वाकणारा असेल तर तो हळूहळू उघडत चित्र कुठल्या कोनात लुकलुकते का बघा, आतली फीत झिजलेली असेल तर तिथेच कळते. शेवटी छापील वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा त्याच्याशी अगदी समांतर धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून वाइड आणि टेली दोन्ही टोकांना फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून वाचा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर ती लेन्सची जात. एकच कोपरा धूसर आणि बाकी तीन स्वच्छ असतील तर कॅमेरा कधीतरी पडला आहे आणि आतले भिंग तिरके झाले आहे. तो टेबलावर ठेवून यावे.