आधी फोटोची पाठ दाखवा

प्रश्न : आमचे आजोबा मुंबईत टपाल खात्यात होते. निवृत्तीनंतर खानापूरला येऊन राहिले. त्यांच्या ट्रंकेत जे. आर. डी. टाटांचा छोट्या विमानाशेजारचा फोटो सापडला. मागे इंग्रजीत फक्त '१५ ऑक्टोबर' लिहिलंय. त्यापुढचा, साल असेल तिथला, कागद अल्बममधून काढताना खरवडला गेलाय. सोबत एक चिठ्ठी आहे. तिच्यावर कराची, अहमदाबाद, मुंबई, मद्रास ही नावं आहेत आणि मुंबई-मद्रासच्या मधे बी, ई, एल ही अक्षरं. पुढे शाई फुटलीय. घरातले सगळे म्हणतात, हा १९३२ च्या पहिल्या टपाल-उड्डाणाचा फोटो आणि ते विमान तेव्हा बेळगावला उतरलं होतं. खरं का?
(एक वाचक भगिनी, खानापूर)

उत्तर : ताई, तुम्ही आधी नुसती पुढची बाजू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत, तीही कडा कापून. मी पाठ मागितली, मग कडा मागितल्या, मग कागद बोटांत धरून कसा लागतो ते विचारलं. तुम्ही कंटाळला असाल. पण बेळगावच्या खडेबाजारात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला आहे. गिऱ्हाईक पुढून फोटो बघतं, आम्ही मागून बघतो.

कागदापासून सुरू करतो. तुम्ही लिहिलंत, 'गुळगुळीत आहे, प्लास्टिकसारखा, कोपरा दुमडला तरी कागदाचे तंतू दिसत नाहीत.' म्हणजे हा प्लास्टिकचा थर दिलेला फोटो-पेपर. तो १९७० च्या दशकात रुळला. त्याआधी आम्ही ब्रोमाइडचे साधे कागद वापरायचो. ते धुऊन वाळवले की पापडासारखे वळायचे आणि रात्रभर जाड वह्यांखाली दाबून ठेवावे लागायचे. तुमच्या हातातली प्रिंट १९३२ ची नाही, एवढं कागदावरूनच ठरलं. अर्थात जुन्या निगेटिव्हवरून नंतरही प्रिंट काढता येते, म्हणून इथेच थांबलो नाही.

आता माणूस बघा. जे. आर. डी. जन्मले २९ जुलै १९०४ ला, पॅरिसमध्ये. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते अठ्ठावीस वर्षांचे होते. तुमच्या फोटोतल्या माणसाचे केस पांढरे आहेत, मानेला सुरकुत्या आहेत. त्याच्या डाव्या अंगाला उभे असलेले गृहस्थ सफारी सूटात आहेत. १९३२ मध्ये सफारी सूट? आमच्याकडे लग्नाच्या फोटोंत नवरदेवाचे मामा-काका सफारीत दिसायला लागले ते १९७५ च्या पुढे.

तारीख मात्र घरच्यांनी चुकीची वाचलेली नाही. १५ ऑक्टोबर हा दिवस पुन्हा आला, असं म्हणा. १९३२ ला जे. आर. डी. कराचीहून पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि मुंबईत जुहूला उतरले. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ ला, त्यांनी तेच कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं. एकट्यानं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. तीस वर्षं झाली तेव्हा १९६२ मध्येही केलं होतं, पण सफारी आणि कागद बघता तुमचा फोटो १९८२ चाच.

विमानही तेच सांगतं. १९८२ ला ते लेपर्ड मॉथमधून आले. पस आणि लेपर्ड ही एकाच कंपनीची भावंडं. दोघांचाही पंख वर, छपरावर, त्यामुळे पुष्कळ जणांची गफलत होते. पसच्या पंखाच्या पुढच्या-मागच्या कडा समांतर असतात. लेपर्डचा पंख टोकाकडे निमुळता होतो आणि त्याची पुढची कड मागे झुकते. तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात पंखाचं टोक आलंय, तिथे पट्टी ठेवून बघा. आणि लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं तेच १९३३ मध्ये. १९३२ च्या फोटोत ते यायचं कुठून?

एक गोष्ट मला फोटोपेक्षाही जास्त भावली. १९३२ ला कराची आणि मुंबई एकाच राज्यकारभारात होत्या. १९८२ ला तोच वैमानिक, तीच वाट, पण मधे दुसरा देश झालेला. खालची जमीन जागची हलली नाही, रेघ तेवढी नवी. बेळगावकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता ते बी-ई-एल. ताई, इथे तुमच्या घरच्यांचं मन मोडतो, माफ करा. १९३२ ला जे. आर. डीं.नी टपाल मुंबईपर्यंत आणलं. पुढे मद्रासला ते नेलं त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी, आणि वाटेत रात्रीचा मुक्काम केला बेल्लारीला. आजची बळ्ळारी. बेल्लारी आणि बेळगाव, दोन्हींचं जुनं इंग्रजी स्पेलिंग बी-ई-एलनंच सुरू होतं. चौथ्या अक्षरावर शाई फुटली आणि तुमच्या घराण्यात विमान बेळगावला उतरलं. आपला बेळगावचा, सांबऱ्याचा विमानतळ ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला. गंमत बघा, १९३२ मध्ये बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि बेल्लारी मद्रास इलाख्यात. आज दोन्ही गावं एकाच राज्यात. आजोबांनी टपाल खात्याच्या माणसासारखी टपालाची वाट लिहून ठेवली होती, आणि ती बरोबर लिहिली होती. वाचणाऱ्यांनी ती घराजवळ ओढली.

म्हणून फोटोची किंमत कमी झाली असं समजू नका. १९३२ चे फोटो पुस्तकांतून पुष्कळदा छापून येतात. म्हातारपणी पुन्हा त्याच वाटेनं आलेल्या माणसाभोवती उभे असलेले हे लोक मला जास्त बघावेसे वाटतात. त्यात एक जण विमानाकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघतोय, उतरताना तोल जातो की काय म्हणून. तुमचे आजोबा यात आहेत का, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा. पुरुष मंडळी चेहऱ्यावरून ओळखतात, बायका उभं राहण्याच्या ढबीवरून. बायकांचं बहुधा बरोबर निघतं.

पुण्याला टाटा सेंट्रल अर्काइव्हज आहे. तिथे जे. आर. डीं.ची कागदपत्रं आणि फोटो जपलेले आहेत. त्यांना पुढची-मागची बाजू स्कॅन करून पाठवा. मूळ प्रिंट टपालात घालू नका, आजोबा टपाल खात्यात असले तरी.

प्रश्न : वडिलांच्या अल्बममध्ये जे. आर. डी. टाटांचा हवाई दलाच्या गणवेशातला, वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे. बाहीवर एकच रुंद पट्टी. ते हवाई दलात कधी होते? सालाचा अंदाज येईल का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : नोकरीत कधीच नव्हते. हवाई दलानं त्यांना मानद हुद्दे दिले होते. १९४८ ला ग्रुप कॅप्टन, १९६६ ला एअर कमोडोर, १९७४ ला एअर व्हाइस मार्शल. ग्रुप कॅप्टनच्या बाहीवर चार मध्यम पट्ट्या, एअर कमोडोरच्या एकच रुंद, एअर व्हाइस मार्शलच्या रुंद पट्टीवर आणखी एक मध्यम. तुमच्या कात्रणात एकच रुंद असेल, तर ते १९६६ ते १९७४ मधलं. कात्रणाखाली 'एअर इंडियाचे अध्यक्ष' असं छापलंय, तेही जुळतं. ते पद त्यांच्याकडे १९५३ पासून १९७८ पर्यंत होतं. त्या वर्षी सरकारनं त्यांना तिथून दूर केलं.

हे पट्ट्यांचं शास्त्र मी पुस्तकात शिकलो नाही. सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमधली पोरं सुट्टीच्या दिवशी गावाकडे पाठवायला फोटो काढून घ्यायची. त्यांचे साहेबही यायचे. लाइट जास्त झाला की निळ्या कापडावरची फिकी पट्टी उडून जाते, आणि पट्टी उडाली की हुद्दा उडाला. एकदा मी घाईत निगेटिव्ह उलटी लावली. चेहरा झकास आला, पण छातीवरचं विंग, म्हणजे पंखांचा बिल्ला, आणि पदकं डावीकडून उजवीकडे गेली. साहेबांनी फोटो हातात घेतला, काही न बोलता मला परत दिला आणि खुर्चीत जाऊन बसले. मी पुन्हा डार्करूममध्ये. तेव्हापासून गणवेशातला कुठलाही फोटो आला की मी आधी पदकं कुठल्या बाजूला आहेत ते बघतो. तुमच्या कात्रणात ती डावीकडेच आहेत. छापणाऱ्यानं नीट छापलंय.

प्रश्न : जुने फोटो पावसाळ्यात खराब होतात. लॅमिनेट करून घ्यावेत का?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : नको. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. आधी स्कॅन करा, मग एकेक फोटो साध्या कागदी पाकिटात घाला आणि भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. आपल्याकडच्या पावसात भिंत घाम फुटल्यासारखी ओली होते. नाव-साल मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन नको. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. आणि लॅमिनेट आधीच करून बसला असाल, तर आता ते सोलायला जाऊ नका.