किल्ली कोणाकडे राहणार?

मागास भागांच्या विकासनिधीतून आता रस्त्यांबरोबर घरं, कला आणि स्वच्छ ऊर्जेलाही पैसे मिळतात, असं गेल्या अंकात मी सहज लिहून गेले. त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यांनाच देते आहे. अशा निधीसाठी आलेले प्रस्ताव वाचणं हे २२ वर्षं माझं काम होतं, तेव्हा उत्तरांना थोडा कडवटपणा असेल तर सांभाळून घ्या. आधी पत्रातला प्रश्न, मग माझं उत्तर, असं वाचा.

ताई, घरं बांधणं, नाटक बसवणं आणि सौर पॅनेल लावणं ही तीन खात्यांची तीन कामं. ती एका निधीत कोंबली की कुणालाच धड काही मिळत नाही. की कागदावर चांगलं दिसतं म्हणून हे चाललंय?

कागदावर चांगलं दिसतं, हे खरंच आहे. "एकात्मिक" हा शब्द पहिल्याच पानावर चार वेळा आला की मी पेन्सिल खाली ठेवून चहा मागवायचे.

पण गाव रिकामं कसं होतं ते जरा जवळून बघा. शाळेवर नवीन शिक्षिका येते. तिला भाड्यानं घर मिळत नाही. मिळालंच तर भिंतींतून वारा येतो आणि अर्धा पगार घर ऊबदार ठेवण्यात जातो. संध्याकाळी दार लावून बसण्याखेरीज काही नाही. वर्षभरात ती बदली मागून घेते. पुढच्या वर्षी पट कमी झाला म्हणून शाळाच बंद होते. आता सांगा, हा प्रश्न कोणत्या खात्याचा? खाती तीन असतील, पण तिन्ही अडचणी एकाच बाईच्या दारात आल्या होत्या.

हे धोरण आखणाऱ्यांना कळायला वेळ लागला. अमेरिकेत ॲपलेशिया या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यासाठी १९६५ साली कायदा होऊन खास आयोग नेमला गेला. आज त्याच्या कक्षेत १३ राज्यांचे भाग येतात. सुरुवातीचा मोठा पैसा गेला तो महामार्गांवर. रस्ता झाला की उद्योग येतील, हा हिशेब. रस्त्याला मात्र दोन दिशा असतात. त्यावरून माल येतो आणि पोरं जातात. आज तोच आयोग पाणी, इंटरनेट, कौशल्यशिक्षण, स्थानिक कला-संस्कृती अशा कामांनाही हात देतो.

युरोपात १९९१ पासून 'लीडर' नावाची पद्धत आहे. तिच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे निर्णय घेणारा स्थानिक गट. त्यात सरकारी बाजूची मतं ४९ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत, असा नियम केला गेला. आधी छप्पर की आधी सभागृह, हे त्या भागातल्याच लोकांनी भांडून ठरवायचं. भांडतात, आणि तेच बरं आहे.

आमचा प्रस्ताव तयार आहे, पण निम्मा खर्च आम्ही उभा करायचा अशी अट आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच पैसे मागायचे, हा कुठला न्याय?

लोकवाट्याची अट सरसकट असेल तर अन्याय आहेच. म्हणून चांगले निधी ती उतरत्या पायऱ्यांनी लावतात. ॲपलेशियाचा आयोग दरवर्षी प्रत्येक काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, बेरोजगारी, उत्पन्न आणि गरिबी बघून तिला पाचांपैकी एका पायरीवर ठेवतो. सर्वांत खचलेल्या काउंटीत प्रकल्पाचा ८० टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो, मधल्या पायरीवर ५० टक्के, आणि वरच्या पायऱ्यांवर त्याहून कमी. तुमच्या निधीत अशी पायरी आहे का ते आधी बघा. बरेच अर्जदार पन्नास टक्के वाचूनच पान मिटतात.

दुसरं, लोकवाटा नेहमी रोखच असतो असं नाही. जागा, श्रमदान, दिलेलं सामान हेही अनेक निधी धरतात. फक्त हजेरी लिहून ठेवा, तारखेसकट. काम झाल्यावर आठवणीतून लिहिलेली हजेरी लगेच ओळखू येते. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या असतात.

एक कंपनी आमच्याकडे आली आहे. जागा द्या, निधीतून आम्ही सौर प्रकल्प उभारतो, सभागृहाला वीज फुकट. गावकरी खूश आहेत. सही करावी का?

करू नका. निदान या महिन्यात तरी नको.

एक प्रस्ताव मी स्वतः मंजूर केला होता. सामुदायिक सभागृह, छतावर पॅनेल, आराखडे इतके देखणे की बैठकीत सगळ्यांनी हातोहात फिरवले. दोन वर्षांनी पाहणीला गेले तर आत अंधार. पॅनेल चकाचक होती, इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, बंद पडला होता. हमीपत्र ठेकेदाराकडे होतं आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता. ज्या खोलीत तो इन्व्हर्टर होता तिची किल्ली गावात कुणाकडेच नव्हती. किल्ली कोणाकडे राहणार, हा प्रश्न आमच्या छापील अर्जात नव्हता. मलाही तो सुचला नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक अर्जदाराला तो विचारत आले.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं छोटं बेट आहे. तिथली जमीन एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जायची, माणसांसकट म्हणा ना. १९९७ साली रहिवाशांनी न्यास स्थापून, देशभरातून देणग्या गोळा करून ते बेट विकत घेतलं. तेव्हा तिथे जेमतेम ६५ माणसं होती. मुख्य भूमीवरच्या वीजजाळ्याशी बेट जोडलेलं नव्हतंच, घरोघरी डिझेलचे जनरेटर धडधडायचे. २००८ च्या फेब्रुवारीत तिथे बेटाची स्वतःची वीज सुरू झाली. ओढ्यांवरची छोटी जलविद्युत, चार लहान पवनचक्क्या आणि सौर पॅनेल, असं तिहेरी जाळं. पाऊस-वारा असतो तेव्हा ऊन नसतं, ऊन असतं तेव्हा ओढे आटतात, म्हणून तिन्ही. खर्चाचा मोठा भाग युरोपच्या प्रादेशिक विकासनिधीतून आणि इतर अनुदानांतून आला.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा आहे, धंद्यांना १०. ही मर्यादा सगळ्यांना सारखी आणि सगळ्यांच्या संमतीची. देखभाल करतात ती बेटावरचीच, शिकवून तयार केलेली माणसं. वीज जास्त झाली तर ती सामायिक इमारती गरम करायला वापरतात. म्हणजे सभागृह, वीज आणि माणसं एकाच गाठीत. किल्ली कुणाकडे, असं तिथे विचारलं तर लोक हसतील.

डेन्मार्कचं साम्सो हे बेट याहून मोठं, चारेक हजार वस्तीचं. १९९७ साली सरकारी स्पर्धेत त्याची 'अक्षय ऊर्जेचं बेट' म्हणून निवड झाली. बक्षिसाबरोबर पैसा मात्र आला नाही. मग चालले ते घरोघरचे चहा आणि बैठका. जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. काही शेतकऱ्यांच्या मालकीच्या, काहींचे शेअर सामान्य रहिवाशांनी घेतलेले, समुद्रातल्या पाच खुद्द नगरपालिकेच्या. पवनचक्कीचा आवाज आणि सावली यांवर सगळीकडे तक्रारी होतात. आपला पैसा त्यात असला की तोच आवाज जरा कमी ऐकू येतो, हा माणसाचा स्वभाव आहे.

तेव्हा कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. यंत्रं कुणाच्या नावावर? पॅनेल पंचवीसेक वर्षं चालतात पण इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागतो, त्याचे पैसे कुठून? आणि कंपनी विकली गेली तर करार कुणाशी? उत्तर द्यायला त्यांना महिना लागला तर तेही उत्तरच समजा.

कलेवर खर्च करायला माझा विरोध आहे. छप्पर गळतंय आणि आम्ही शिल्पं मांडायची?

छप्पर गळत असेल तर आधी छप्पर. यात वाद नाही.

फक्त जपानच्या निगाता प्रांतातली एक गोष्ट ऐका. एचिगो-त्सुमारी हा पायऱ्यापायऱ्यांच्या भातशेतीचा, माणूस गाडला जाईल इतक्या बर्फाचा भाग. तरुण शहरात गेले, घरं आणि शाळा ओस पडल्या. १९९० च्या दशकात प्रांताच्या विकासयोजनेतून तिथे कलामहोत्सवाची कल्पना पुढे आली. फ्राम कितागावा हे दिग्दर्शक गावोगाव फिरले, आणि बहुतेक ठिकाणी तुमचाच प्रश्न त्यांना ऐकू आला. विरोधामुळे सुरुवात लांबली आणि पहिला महोत्सव २००० साली झाला. साधारण दर तीन वर्षांनी तो भरतो.

शिल्पं मांडली, तीही शेतात. पण मला महत्त्वाची वाटतात ती घरं. एका पडक्या शेतघराच्या भिंती, खांब, फरशी, छत असा प्रत्येक लाकडी पृष्ठभाग विद्यापीठातल्या मुलांनी छिन्नीनं कोरून काढला, आणि आज तिथे पाहुणे मुक्काम करतात. दुसऱ्या एका जुन्या घरात कुंभारकामाच्या कलावंतांनी चुली आणि भांडी केली, तिथे गावातल्या बायका खाणावळ चालवू लागल्या. बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत चित्रकथांचं संग्रहालय झालं. त्या शाळेतली शेवटची तीन मुलं हीच तिथल्या गोष्टीतली पात्रं आहेत. हे वाचलं त्या दिवशी मी काही वेळ पुढचा कागद उचलला नाही. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा महोत्सवाच्या निमित्तानं जोडली गेलेली बाहेरची तरुण मंडळी मदतीला धावली.

म्हणजे तिथे कलेच्या पैशानं छप्परंच शाकारली गेली. आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचं पत्र येईलच. तिथली लोकसंख्या घटायची थांबलेली नाही. महोत्सवानं गाव पुन्हा भरलं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

निधीतून आमच्याकडे स्वस्त घरं बांधली. दहा वर्षांत निम्मी विकली गेली आणि सुट्टीत येणाऱ्यांनी घेतली. हिवाळ्यात सगळी बंद. पुढच्या वेळी काय करावं?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कारण हेच सगळ्यात जास्त वेळा घडतं, आणि गाव सुंदर झालं, वीज आली, महोत्सव भरू लागला की अधिकच जोरात घडतं. घरात किल्ली फिरवणारा माणूस वर्षातून तीन आठवडे येतो.

औषध आहे, आणि त्याचं एक मूळ आपल्या ओळखीच्या माणसाकडे जातं. विनोबांना १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीत पहिली १०० एकर जमीन मिळाली, तो भूदानाचा आरंभ. पुढच्याच वर्षी मंगरोठ या गावानं सगळी जमीन गावाच्या नावे केली आणि ग्रामदान सुरू झालं. कसणारा कसतो, पण जमीन बाहेर विकता येत नाही, हा त्यातला गाभा. ही कल्पना अमेरिकेतल्या काही कार्यकर्त्यांनी उचलली. जॉर्जिया राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवल्यावर कृष्णवर्णीय कुटुंबांना जमिनीवरून हाकलत होते. त्यावर उपाय म्हणून १९६९ साली 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था निघाली. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं, दोघांमध्ये दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. सुमारे ५,७०० एकर जमीन त्यांनी घेतली. आज 'सामुदायिक जमीन न्यास' म्हणून जी पद्धत अनेक देशांत चालते तिची ही पहिली वाट.

ती सरळ नव्हती. जमिनीवर कर्ज होतं, दुष्काळ पडला, सरकारी आपत्कालीन कर्ज देताना भेदभाव झाला आणि १९८५ साली जमीन गेली. त्या भेदभावाची भरपाई म्हणून २००९ साली सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले, आणि त्यातून त्या लोकांनी पुन्हा जमीन घेतली. मधली २४ वर्षं मात्र कुणी परत देत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की न्यास करा, पण न्यासाची जमीन कर्जाला तारण ठेवण्याबाबतचं कलम सर्वांत आधी आणि सर्वांत कडक लिहा.

जमीन न्यासाकडे देणं जमत नसेल तर दुसरी तरतूद आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या एका कायद्यानुसार ग्रामीण गृहसंस्थेला खरेदीखतातच पहिल्या खरेदीचा हक्क नोंदवता येतो. घर जेव्हा जेव्हा विकायला निघेल तेव्हा आधी त्या संस्थेला विचारायचं. मालक बदलले तरी हा हक्क खतावर राहतो. तुमच्याकडच्या कायद्यात असं काही बसतं का, हे बांधकामाच्या ठेकेदाराआधी वकिलाला विचारा. विटा रचून झाल्यावर सुचलेल्या कलमावर कुणी सही करत नाही.

विकल्या गेलेल्या घरांचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. ती परत विकत घेण्याला निधीतून पैसे मागता येतात का ते जरूर बघा. रिकामी घरं दुरुस्त करणं हे नवीन बांधण्याइतकंच निधीच्या चौकटीत बसू शकतं. जुन्या घरात झरोके, फटी बुजवणं आणि छताला ऊब टिकवणारा थर देणं हे काम आधी, पॅनेल नंतर. गळक्या मडक्यात पाणी भरण्यात अर्थ नाही.

अर्ज सल्लागाराकडून लिहून घ्यावा की स्वतः लिहावा?

आकडे त्यांच्याकडून तपासून घ्या. मजकूर तुम्ही लिहा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आणि देखभालीच्या रकान्यात "समिती पाहील" असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा. त्या माणसाला विचारून.