लायब्ररी नको, डेमो हवा

प्रश्न : दादा, मी इंदूरला सेकंड इयरला आहे. सी बऱ्यापैकी येतं, लॅपटॉप जुना, विंडोजचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चार केबीच्या फाइलीत अख्खे डोंगर दाखवणारे डेमो, म्हणजे कोडनेच चित्रं काढणारे छोटे प्रोग्राम, बघितले नि वेडच लागलं. एकही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, न घेता असं जमेल का? मित्र म्हणतात, भिया, युनिटीसारखं तयार गेम इंजिन घे नि मोकळा हो.

उत्तर : जमेल की! फक्त ‘एकही नाही’चा हट्ट विंडोजशी धरू नको, विंडो उघडायला त्यालाच सांगावं लागतं, यूझर३२ नि जीडीआय३२ या त्याच्या लायब्ररी त्याच्यासोबतच येतात आणि डेमोवाले पण ते मोजत नाहीत. ते डोंगर शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम, लिहून तिथेच काढलेले असतात, ते नंतर बघ.

आधी मॅलॉकने ३२०×२०० चा बफर, म्हणजे चित्रासाठी मेमरीचा तुकडा, घे, पिक्सेलला चार बाइट, भर स्वतः आणि विंडोजच्या स्ट्रेचडीआयबिट्स फंक्शनने विंडोभर ताणून टाक. त्याला चित्राची उंची सांगणारा बायहाइट निगेटिव्ह दे, नाहीतर चित्र उलटं येतं आणि माणूस रात्रभर लूप तपासत बसतो. साइज एवढीशी का? जुन्या डॉसच्या मोड १३एच या स्क्रीन मोडची आहे म्हणून नाही फक्त, ६० फ्रेमला सेकंदाला ३८ लाख ४० हजार पिक्सेल होतात, फुल एचडीत तेच १२ कोटी ४४ लाखांवर जातं, आणि सगळं सीपीयूच्या डोक्यावर.

पहिला इफेक्ट आगीचा कर. खालच्या ओळीत रँडम आकडे, मग वरून खाली येत प्रत्येक पिक्सेलला त्याच्या खालचे तीन आणि त्याखालचा एक यांची सरासरी, त्यातून थोडं वजा. हे आकडे वेगळ्या अ‍ॅरेत ठेव, आणि आकड्याचा रंग बफरात भरायला २५६ रंगांचं पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, काळा-लाल-पिवळा-पांढरा असं लाव, बस, ज्वाळा उठतात, मला तर अजून मजा येते. लूप बाहेर वाय, आत एक्स, कारण ओळ मेमरीत सलग असते नि कॅशला, म्हणजे सीपीयूजवळच्या छोट्या वेगवान मेमरीला, सलगच आवडतं.

दोन फ्रेममध्ये १६ मिलिसेकंद थांबायला स्लीप(१६) वर भरवसा नको, विंडोजचा टायमर साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालतो त्यामुळे कधी फ्रेम ३१ पर्यंत लांबते. विंडोजच्या क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर या बारीक घड्याळाने वेळ मोज नि हालचाल वेळेवर बांध, फ्रेमच्या संख्येवर नाही.

युनिटी गेमसाठी मस्तच, पण तिथे ही आग आतून कशी पेटते ते दिसत नाही. पुढे प्लाझ्मा, म्हणजे साइनच्या लाटांनी सरकणारे रंग, घे, साइनचं २५६ आकड्यांचं टेबल आधीच करून ठेव, इंडेक्स एका बाइटात ठेवलास तर तो आपोआप गोल फिरतो.