सात वर्षं टिकणारा गेमिंग पीसी: आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

प्रश्न: ताई, मी चिपळूणला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेमिंग पीसीसाठी बाबा सव्वा लाख देतायत, पण ‘पुढची सात वर्षं पुन्हा माझ्याकडे हात पसरायचा नाही’ या अटीवर. १०८०पीचा मॉनिटर घरात आहे. दुकानदाराचं कोटेशन असं: कोअर आय७ १४७००के, बी७६० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी, एक टीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट, सहा आरजीबी पंखे आणि कॅबिनेटसोबत ‘७५० वॉट’चा एसएमपीएस. सात वर्षं निघतील ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: या कोटेशनमध्ये प्रोसेसरवर पैसे ओतलेत आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, जवळजवळ फुकट आलाय. टिकणाऱ्या मशीनचा हिशेब उलटा असतो. रत्नागिरीत माझ्या टेबलावर जी मशीन्स उघडायला येतात, त्यांत प्रोसेसर मेलेला क्वचित सापडतो. एसएमपीएस उडालेला, त्याने जाताना बोर्डही सोबत नेलेला, पोर्ट गंजलेले, हे मात्र रोजचं.

म्हणून आधी तो एसएमपीएस बाहेर काढायला लाव आणि बाजूचं लेबल वाच. मोठ्या अक्षरातल्या ७५०कडे बघूच नकोस. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघ. असाच एक ‘७५० वॉट’वाला हल्ली माझ्याकडे आला, त्यावर १८ अँपिअर होते. बारा अठरे २१६ वॉट, संपला विषय. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच लाइनवर चालतात. प्रामाणिक ६५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच जागी ५४ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. ८० प्लस गोल्डचा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीवरून घ्यायचा. चांगल्या कंपन्या काही गोल्ड मॉडेल्सवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. तुला तसला ६५० वॉटचा पुरे.

आणि एसएमपीएस कितीही चांगला घे, घरात अर्थिंग नसेल तर उपयोग नाही. चालू पीसीच्या मागच्या बाजूच्या स्क्रूला बोट लागल्यावर झिणझिण्या येतात, असं कोकणातली निम्मी पोरं मला सांगतात आणि वर हसतात. एसएमपीएसच्या आत फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ खरोखर जमिनीत गेलेला नसेल तर कॅबिनेटचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, त्याच्या त्या झिणझिण्या. त्यामुळे मशीन घरी यायच्या आधी वायरमनला बोलाव. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं, तर पंखे आणि आरजीबी राहू दे, आधी अर्थिंगचा खड्डा. फेज-अर्थही मोजून घे, तिथे २३०च्या आसपास दिसलं पाहिजे. अर्थची तार तुटलेली असली तर पहिला आकडा फसवतो.

यूपीएसचंही बोलू. दुकानात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटचा. गेम चालू असताना लाइट गेली की त्यावर पीसी आणि मॉनिटर दोन्ही ओढायचे म्हणजे काठावरचा खेळ. १००० व्हीएच्या खाली जाऊ नकोस.

आता प्रोसेसर. १४७००के वेगवान आहे, वाद नाही. पण ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, आणि बी७६० बोर्डावर तो ओव्हरक्लॉक होत नाही. मग त्या अक्षराचे पैसे कशाला? शिवाय १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या मॉडेल्सचं व्होल्टेजचं दुखणं २०२४मध्ये इंटेलनेच मान्य केलं, त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर घाबरायचं कारण नाही. माझा मुख्य आक्षेप सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेवर आहे. इंटेलची पुढची डेस्कटॉप पिढी ऑक्टोबर २०२४मध्ये आली ती एलजीए१८५१ या वेगळ्या सॉकेटवर, म्हणजे तुझ्या बोर्डाची गाडी इथेच थांबते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण बघ. २०१७मध्ये घेतलेल्या बी३५० बोर्डावर, कंपनीने बायोस दिलं असेल तर, २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने तेच केलं, बाकी मशीनला हातसुद्धा लावला नाही. त्याच्या पुढचं सॉकेट एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आलं आणि निदान २०२७पर्यंत त्याला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. तू रायझन ५ ७६०० घे, सहा कोअर, ६५ वॉट. चार वर्षांनी कमी पडला तर त्याच बोर्डावर एखादा एक्स३डी (जादा कॅशे मेमरीचा, गेमसाठी चांगला प्रोसेसर) बसव. बोर्ड मात्र ए६२०वर भागवू नकोस. बी६५० घे, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असलेला.

ग्राफिक्स कार्डात ८ जीबी घेणार असशील तर सात वर्षांची अट आजच मोडली समज. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२०मध्ये आला तो १६ जीबी सामायिक मेमरी घेऊन, आणि मोठे गेम आता तेवढी जागा धरूनच बनतात. कार्डाची मेमरी भरली की टेक्स्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसवरून, म्हणजे कार्डाच्या स्लॉटमधून, आणावे लागतात; मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरा दिसतो, पण वळणावर चित्र अडखळतं आणि भिंती गिचमिड दिसतात. त्याच ५०६० टीआयचं १६ जीबीचं मॉडेल किंवा आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घे. मी दुसरं निवडेन: १६० वॉट, आणि स्लॉटच्या सोळाही लेन (डेटाच्या वाटा) वापरतं.

रॅमचं गणित सध्या बिघडलंय. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलल्यामुळे भाव भडकलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशल हा आपला ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. एरवी मी १६च्या दोन स्टिक सांगितल्या असत्या. आत्ता १६ जीबीची एकच घे, डीडीआर५ ६०००. काही गेममध्ये फटका बसेल, तो सोस. ८च्या दोन घेतल्यास तर पुढे एक तर त्या विकाव्या लागतील, नाही तर चार स्टिक बसवाव्या लागतील, आणि चार स्टिकवर एएम५चा वेग चांगलाच उतरतो. मॉडेल नंबर लिहून ठेव, जोडीची दुसरी भाव उतरल्यावर घे. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नकोस.

काचेचं कॅबिनेट नको, पुढे जाळी हवी. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढल्या असतील तर परत लाव, तिथून पाली शिरतात आणि ग्राफिक्स कार्डाच्या उबेला अंडी घालतात. पावसाळ्यात गावाला गेलास तरी आत ओल धरू नये म्हणून कुणाला तरी आठवड्यातून तासभर मशीन चालू करायला सांग.

प्रश्न: मित्र म्हणतो, जास्त टिकायचं तर लिक्विड कूलर लाव. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. त्यात पंप असतो, तो झिजतो, आणि नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं थोडंथोडं उडत राहतं. एअर कूलरमध्ये बिघडायला फक्त पंखा, तो काढून दुसरा लावता येतो.

प्रश्न: माझं २०१८चं मशीन आहे, आय५ ८४००, डीडीआर४. नवीन बिल्डमध्ये यातलं काय वापरू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कॅबिनेट हवेशीर असेल तर ते, आणि साटा एसएसडी गेम ठेवायला. डीडीआर४ रॅम एएम५वर बसत नाही. एसएमपीएस आठ वर्षांचा झाला, नव्या कार्डाला लावू नका. खरं तर हे मशीन मोडूच नका. विंडोज १०ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, पण आय५ ८४००वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करा, स्वच्छ इन्स्टॉल करा आणि घरात कुणाला अभ्यासाला देऊन टाका.